घरच्या स्टुडिओत गायचंय? आधी साधा डायनॅमिक माइक घ्या

घरी गाणं रेकॉर्ड करू पाहणाऱ्या मुलामुलींचे मेसेज सतत येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: 'दादा, पंधरा-वीस हजारांत कुठला कंडेन्सर घेऊ?' माझं उत्तरही ठरलेलं आहे. कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक, आत्ता नको. दोन-तीन हजारांचा डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील पण दणकट माइक घे. उरलेल्या पैशांत बरा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), न डुगडुगणारा स्टँड आणि खिडकीला जाड पडदे.

डायनॅमिक म्हणजे मांडवातला, ऑर्केस्ट्रातला माइक, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण शुअर कंपनीने १९६६ साली एसएम५८ हा डायनॅमिक माइक आणला तो स्टुडिओसाठी, स्टेजने त्याला नंतर उचललं. यू टू या रॉक बँडचा गायक बोनो स्टुडिओतही तोच हातात धरून गायलाय. मायकल जॅक्सनच्या १९८२च्या 'थ्रिलर' अल्बमवर रेकॉर्डिंग इंजिनिअर ब्रूस स्वीडीनने शुअरचाच एसएम७ वापरला. तो स्वस्त नाही, पण आहे डायनॅमिकच.

एक गैरसमज मात्र मला सारखा खटकतो. 'डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेतच नाही' असं बिनधास्त सांगितलं जातं. तसं काही नसतं. खरी किमया अंतराची. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की गळ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पंख्याची घरघर आणि भिंतींवरून परतणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. डायनॅमिक इतक्या जवळून, खड्या आवाजातही निमूट काम करतो, म्हणून आपल्या फ्लॅटमधल्या बेडरूमला तो मानवतो. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती, खाली रिक्षांचे हॉर्न, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. अशा खोलीत कंडेन्सर हातभर लांब ठेवलात तर गाण्यासोबत सगळी सोसायटी रेकॉर्ड होते, आणि ती मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, काढता येत नाही.

जवळ गायचं म्हणजे किती जवळ? तीन-चार बोटं. माइक अगदी ओठांसमोर नको, ओठांच्या कडेला ठेवून तोंडाकडे थोडा तिरका वळवा. 'पांडुरंग' किंवा 'भेटी' म्हणताना प आणि भ चा झोत सरळ जाळीवर आदळला की धप्प आवाज येतो. माइक तिरका असला की तो झोत बाजूने निघून जातो. इतक्या जवळ खर्ज फुगतो, तेव्हा रेकॉर्डिंगमधला ८०-१०० हर्ट्झच्या खालचा, अगदी खोल घुमणारा भाग कापून टाका. शास्त्रीय बैठकीतल्या मंडळींना तार सप्तकात मान मागे न्यायची सवय असते. इथे ती सांभाळून. मान मागे गेली की आवाज नुसता लहान होत नाही, पातळही होतो. एकाच ओळीत दोन वेगळे गळे ऐकू येतात आणि मग कितीही कॉम्प्रेशन (लहान-मोठा आवाज सारखा करणं) लावा, सांधा दिसतोच.

गेनचंही, म्हणजे इंटरफेसमध्ये माइकचा सिग्नल किती वाढवायचा याचंही, नीट समजून घ्या. या माइकचा सिग्नल फार बारीक असतो. एसएम५८ची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक आवाजाला मिळणारा सिग्नल, जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल, कंडेन्सरची त्याच्या कितीतरी पट. हळू गाणाऱ्याला ५५-६० डेसिबल गेन सहज लागतो, आणि स्वस्त इंटरफेस तिथे सुसू करू लागतो. म्हणूनच माइकवर वाचवलेले पैसे इंटरफेसवर घाला म्हणतो.

सगळ्याच गाण्यांना हा माइक शोभेल असं मी म्हणत नाही. कुजबुजल्यासारखं भावगीत, श्वासासकट ऐकू यावा असा हळुवार गळा, यासाठी कंडेन्सरची वरची बारकाई हवीच. पण त्यासाठी आधी शांत खोली हवी. अभंग, पोवाडा, लावणी, रॅप असं खुल्या गळ्याचं गाणं असेल तर डायनॅमिक बिनदिक्कत वापरा. मिक्समध्ये ढोलकी आणि हार्मोनियम आले की त्यांच्यामधून तो आवाज सुरेख पुढे येतो.

आणि कर्ज काढून महागडा माइक आणायला निघालेल्या पोरांनो, आधी मित्राचा स्टेजवरचा माइक एका रविवारी मागून आणा. दुपारी रस्ता जरा शांत असताना पंखा बंद करा, माइकमागे आणि पाठीमागे गोधडी टांगा, तानपुरा हेडफोनवर हळू ठेवा आणि एक अख्खं गाणं गा. ते ऐकल्यावरही कंडेन्सर हवासा वाटला तर मेसेज करा, मग त्यावर बोलू.