निळा हवा असेल तर करडा घ्या

"तुम्हाला पाणी कसं वाटायला हवंय?" समोरच्या माणसाने मला विचारलं.

"ओलं," मी म्हणालो.

तो हसला नाही. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मग त्या माणसाने कपाटातून एक पेटी काढली, सराफ काढतो तशी, आणि तिच्यातून चार इंच बाय चार इंचाचे तुकडे एकेक करून आमच्यापुढे मांडले. एकोणीस. त्यातला एकही निळा नव्हता.

आम्ही राहतो टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या उत्तरेला. मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधायचा हा निर्णय घरात कधी झाला ते मला आठवत नाही, पण मी त्यावर सही केलेली आहे. तलाव बांधण्यातलं जे अवघड होतं ते संपलं, अशी त्या दिवशी माझी समजूत होती. चुनखडीचा खडक फोडून झाला होता (त्याचे पैसे वेगळे, हे खडक फोडून झाल्यावर कळलं). सळया बांधून झाल्या होत्या, नळीने काँक्रीटचा मारा करून झाला होता. राहिला होता फक्त आतला लेप. रंग सांगायचा आणि मोकळं व्हायचं.

तो माणूस, त्याला आपण रंगवाला म्हणू, फार शांतपणे म्हणाला, "पाण्याचा रंग तुम्ही निवडत नाही. तुम्ही लेपाचा रंग निवडता. पुढचं पाणी ठरवतं." पांढरा लेप दिला तर पाणी फिकट आकाशी दिसतं. वाळूच्या रंगाचा दिला तर हिरवट. काळा दिला तर आरसा होतो, त्यात ढग दिसतात आणि तळ दिसत नाही. "आणि निळं हवं असेल तर?" बायकोने विचारलं. तो म्हणाला, "मग करडा घ्या."

निळा रंग निळ्या डब्यात मिळतो अशी माझी चाळीस वर्षांची श्रद्धा होती.

तुकडे घेऊन घरी आलो. प्रत्येकाच्या मागे नाव चिकटवलेलं. एकाचं 'मध्यरात्र', एकाचं 'कुजबुज'. 'वादळाआधी' आणि 'वादळानंतर' असे दोन होते. त्यांच्यात मला काही फरक दिसेना. फोन करून विचारलं तर म्हणाला, उन्हात बघा. उन्हात बघितले. वादळ येऊन गेल्याचा काही मागमूस नव्हता.

त्या वेळी आई-बाबा सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं उजनीच्या कालव्यांवर काढलेली. काँक्रीटचा मारा झाला त्या संध्याकाळी ठेकेदाराने मला सांगितलं होतं की महिनाभर यावर रोज पाणी मारा. मी ते बाबांना सांगितलं आणि त्यांच्या अमेरिकेतल्या मुक्कामाला एकदम अर्थ आला. "गोणपाटं कुठायत?" एवढंच त्यांनी विचारलं. ती नव्हती म्हणून माझ्या चादरी गेल्या. पहाटे पाच वाजता हातात नळी धरून, बनियनवर, काँक्रीटवर पाणी मारणारे माझे वडील इतके सुखी मी उजनीनंतर पाहिले नव्हते. तलावाला ते शेवटपर्यंत हौदच म्हणाले. एकदा त्यांनी विचारलं, साठा किती? पंधरा हजार गॅलन, म्हणजे सत्तावन्न हजार लिटरच्या आसपास, असं मी सांगितलं. त्यांनी जरा वेळ वर बघितलं आणि म्हणाले, "शून्य दशांश, पुढे पाच शून्यं, मग दोन. टीएमसी." उजनीत ११७ मावतात.

तर रंग. बायकोला मालदीव हवं होतं. तिच्या फोनमध्ये एक फोटो होता आणि तो ती तेरा लोकांना दाखवून आली होती. तेरा वर्षांच्या मुलीला काळा हवा होता, कारण बाकी कुणालाच तो नको होता. बाबांचं मत पांढरा. "तळ दिसला पाहिजे. गाळ किती बसला ते कळलं पाहिजे. शिवाय कुणी बुडालं तर ते दिसायला नको?" यावर घरात जरा शांतता पसरली, पण मुद्दा खरा होता, सार्वजनिक तलावांचा तळ बऱ्याच ठिकाणी पांढरा किंवा फिका ठेवायला लावतात तो याचसाठी. गडद लेपाविरुद्ध दुसरीही तक्रार मी ऐकली. आमच्याकडचं पाणी जड. चुनखडीच्या प्रदेशात दुसरं काय असणार? काळ्या लेपावर क्षारांचे पांढरे चट्टे दोन वर्षांत उठून दिसतात. मुलगी म्हणाली, मग तेव्हा तो 'मध्यरात्र आणि तारे' होईल. तिला विक्रीत करिअर आहे.

मला स्वतःला कुठलाच रंग नको होता. मी पोहायला शिकलो मामाच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. त्या विहिरीच्या पाण्याचा रंग काय होता असं मला कोणी विचारलं असतं तर मी 'खोल' म्हणालो असतो.

रंगवाल्याने सुचवलं की झालेले तलाव बघून या. मग आम्ही दर शनिवारी लोकांचे तलाव बघायला लागलो. महाराष्ट्र मंडळातल्या एका जोडप्याकडे गेलो तर त्यांनी खरोखरच पोहे केले होते. पोहे खाऊन, हात धुऊन आम्ही मागे गेलो आणि तलावाच्या काठावर रांगेने उभे राहिलो. पाणी हिरवं होतं. शेवाळ नव्हतं, स्वच्छ, तळापर्यंत दिसणारं, पण हिरवं. त्यांनी वाळूचा रंग घेतला होता, समुद्रकिनाऱ्यासारखं वाटेल म्हणून.

"छान आहे हो," आई म्हणाली.

"आम्हाला हिरवा नको होता," वहिनी म्हणाल्या, "पण आता आवडतो असं ठरवलंय."

परत येताना गाडीत बायको बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हिरवा नाही म्हणजे नाही." तिला धीर द्यावा म्हणून मी रिओची गोष्ट सांगितली. २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये सूर मारण्याच्या तलावाचं पाणी एका दिवसात हिरवंगार झालं होतं. कोणीतरी त्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, त्याने क्लोरिन निकामी झालं आणि शेवाळाचं फावलं. सगळ्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं. धीर मिळाला नाही.

हिरव्याची भीती घालवायला मी सगळ्यांना बार्टन स्प्रिंग्जला नेलं. ऑस्टिनच्या मध्यात झऱ्याच्या पाण्याचा तीन एकरांचा तलाव आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यातसुद्धा पाणी वीस-एकवीस अंशांचं. खाली चुनखडीचा तळ, उथळात काचेसारखं पाणी आणि खोलात पाचूसारखं. चौघंही गप्प होऊन बघत राहिली. बाबांनी पाय घातला, पटकन काढला आणि म्हणाले, "ही विहीर आहे. चांगली आहे." बायको म्हणाली, "हा हिरवा चालेल." मी रंगवाल्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं की हा आमच्याकडे नाही.

मग बालद्यांचा प्रयोग. तुकडे पाण्यात बुडवून उन्हात बघावेत, असं कुणीतरी सांगितलं होतं. अंगणात नऊ बालद्या मांडल्या, कमी पडल्या म्हणून आईने आमटीचं पातेलं दिलं. प्रत्येकात एक तुकडा. आणि आम्ही पाचजण कमरेवर हात ठेवून वाकून बघत उभे. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने हात हलवला, आम्हीही हलवला. त्यानंतर तो बराच वेळ घरात गेला नाही. सगळ्या बालद्यांतलं पाणी पाण्यासारखंच दिसत होतं. "बालदीत उजनी दिसत नाही," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

रात्री मी वाचत बसलो. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग थोडा थोडा गिळतं, उरतो निळा. पण त्यासाठी पाणी खोल पाहिजे, बालदीभर पुरत नाही. म्हणून एकाच तलावात उथळ टोकाला एक रंग आणि खोल टोकाला दुसरा. सकाळी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "रामन." १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना सी. व्ही. रामन भूमध्य समुद्राकडे बघत बसले होते. समुद्र निळा दिसतो ते आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांनी सांगून ठेवलं होतं. रामन यांनी निकोल प्रिझम डोळ्याला लावून आकाशाचं प्रतिबिंब तेवढं अडवलं; समुद्र निळाच राहिला. तिथून सुरू झालेला विचार १९३० च्या नोबेलपर्यंत गेला. मला एवढंच म्हणायचं आहे की रामन यांच्या शेजारी कोणी एकोणीस तुकडे घेऊन बसलं नव्हतं.

एका दुपारी मी कामावरून आलो तर आई तुकडे घेऊन ओट्यापाशी बसली होती. डोळे मिटून एकेकावर अंगठा फिरवत होती. "हा मैदा," ती म्हणाली, "हा बारीक रवा. आणि हा साबुदाणा."

मी चाट पडलो. रंगवाल्याने आम्हाला जे पाऊण तास समजावलं होतं ते हेच. पहिला साधा लेप, पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी: स्वस्त, मऊ, लवकर झिजणारा. दुसरा क्वार्ट्झचा. तिसरा खड्यांचा, सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात महाग, आमच्या खड्ड्याला चार हजार डॉलर जास्त. "साबुदाणा पायाला टोचेल," आई म्हणाली. चार हजार डॉलर वाचले.

"आणि रंग?"

तिने तुकडे उलटेसुद्धा केले नाहीत. मागची नावं तिला वाचायची नव्हती. "हा राखाडी. हा मोतिया. हा बदामी, तुझ्या आत्याच्या लग्नात सगळ्यांना नेसवला होता, कुणालाच शोभला नाही. हा सुरमई. हा शेवाळी, हा काढून टाक." मग एक तुकडा तिने खिडकीपाशी धरला. "हा पारवा."

बायको वाकली. "पारवा म्हणजे?"

"पारव्याच्या मानेखाली असतो बघ. करडा, पण आत निळा दडलेला. माझ्याकडे होती या रंगाची इरकली. उन्हात गेलं की लोक निळी म्हणायचे, घरात आलं की करडी."

रंगवाल्याने जे सांगितलं होतं तेच, पण आता कळलं. तुकड्याच्या मागे 'वादळानंतर' लिहिलेलं होतं. करारावर काय छापलं आहे ते असो, आम्ही घेतला तो पारव्या रंगाचा बारीक रवा.

लेप देणारे सहाजण आले, खिळ्यांचे बूट घालून ओल्या लेपावर चालले, दुपारपर्यंत गेले. जाताना सांगून गेले की आता पाणी सोडा आणि काठोकाठ भरेपर्यंत थांबवू नका. मध्ये थांबलात तर तिथे रेघ उमटेल आणि ती कायमची. नळीच्या तोंडाला मोजा बांधा, नाहीतर धारेने ओला लेप खरवडेल. मोजा बाबांचा. रात्रभर बाबा खुर्ची टाकून काठावर. दर तासाला विजेरी मारून पातळी बघायचे आणि मुलीच्या गणिताच्या वहीत नोंद करायचे. दोन वाजता मी चहा घेऊन गेलो तर म्हणाले, "आवक समाधानकारक आहे." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळी बंद झाली. बाबांनी सोलापूरला काकांना फोन लावला. "भरलं. शंभर टक्के. नाही, विसर्ग नाही."

आणि पाणी पांढरं झालं. ताकासारखं. नव्या लेपाची भुकटी सुटते, ती ब्रशने रोज दोनदा घासून काढायची असते, हे करारात बारीक अक्षरात होतं. दोन आठवडे मी ताक घुसळलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते निवळलं. सात वाजता करडं होतं, दहा वाजता बायको ओरडत आत आली, "मालदीव!" आणि तीन वाजता ढग आले तेव्हा परत राखाडी. शेजारी कुंपणावरून म्हणाला, "सुंदर. हिरवा छान उठलाय." बायको त्याच्याशी अजून बोलत नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ठेकेदाराने दिलेली कागदपत्रांची पिशवी मुलगी उचकत होती. तिला तळाशी एक रिमोट सापडला. तलावाच्या भिंतीत दिवा बसवलेला आहे हे आम्हाला माहीत होतं. तो रंग बदलतो हे कोणीच सांगितलं नव्हतं. तिने बटण दाबलं आणि सगळं पाणी, एकोणीस तुकडे, नऊ बालद्या आणि तीन महिन्यांसकट, झगझगीत गुलाबी झालं.

मी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही.

"राणी कलर," आई म्हणाली. खुर्ची पुढे ओढून ती नीट बसली, पदर खांद्यावरून घेतला. "पुढचं दाब गं."

मुलीने दाबलं.

"मोरपिशी. पुढचं."