‘डॉक्टरांचं लक्ष बाबांकडे नव्हतं, घड्याळाकडे होतं’ या अभिप्रायाला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार ताई,

आपला अभिप्राय वाचला. बाबांना इन्सुलिन सुरू करायचं ठरलं तेव्हा त्यांना धीराचे दोन शब्द हवे होते, ते मिळाले नाहीत. डॉक्टर सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. ‘शुगर का वाढली?’ असं दरडावून विचारलं आणि 700 रुपये घेऊन वाटेला लावलं, असं आपण लिहिलंय. आपण दोघं नाराज होऊन घरी गेलात याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करते.

पण त्या डॉक्टर मीच, म्हणून घड्याळाबद्दल मला लिहायलाच हवं. ते वाक्य फार लागलंय.

गणपतीचे दिवस होते. लक्ष्मी रोड संध्याकाळी बंद, त्यामुळे आपल्यासारखेच बरेच पेशंट अडकत अडकत पोचत होते. आपली वेळ टळून गेली होती, तरी बाबांना परत पाठवायचं नाही म्हणून मधे घेतलं. आपण आत असतानाच बाहेर बाकावर एकांची शुगर उतरली. गोळी वेळेवर घेतलेली आणि जेवण रस्त्यातल्या गर्दीत लांबलेलं. हात थरथरत होते, शर्ट घामाने भिजला होता, मशीनवर आकडा 70 च्या बराच खाली. माणूस शुद्धीवर असेल तर अशा वेळी 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि 15 मिनिटांनी परत बोट टोचून बघायचं. आकडा चढला नसेल तर पुन्हा द्यायचं. सिस्टर दारात येऊन खूण करून गेल्या, ते आपल्याला आठवत असेल. मी ती 15 मिनिटं मोजत होते. पुढचा नंबर घ्यायची घाई नव्हती.

तेव्हाच का नाही सांगितलं, असं आपण विचाराल. इन्सुलिनच्या नावानेच बाबा धास्तावले होते. त्यांच्या समोर ‘बाहेर एकांची शुगर लो झालीय’ असं कोणत्या तोंडाने म्हणणार होते मी? शुगर लो होईल हीच तर इन्सुलिन घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी भीती असते.

आणि ‘शुगर का वाढली’ हा प्रश्न दरडावण्याचा नव्हता. ती नुसत्या गोडाने वाढत नाही. दाताला पू झाला, गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं, रात्र रात्र झोप लागली नाही, तरी वाढते. मनावर ताण असला की कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन ही हार्मोन्स वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडतं. म्हणजे घरात काय चाललंय, मन कसं आहे, हे त्या एका प्रश्नातच मला विचारायचं असतं. बाबा बोलायला लागले की आपण मधेच ‘चोरून मोदक खातात हो, डॉक्टर’ म्हणत होतात. काळजीपोटीच म्हणालात, घरोघरी हेच असतं. पण बाबांची मान खाली गेली ती त्या वाक्यावर, माझ्या प्रश्नावर नाही. मी बघत होते, ताई.

खरं तर त्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, आणि इथे पुन्हा लिहिते: इन्सुलिन लागलं म्हणजे पथ्यात हरलो असं नाही, शेवटचा टप्पा आला असंही नाही. टाइप 2 डायबिटीसमध्ये वर्षं जातील तशी स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवायची ताकद कमी होत जाते. कितीतरी जणांना पुढे ते बाहेरून द्यावं लागतं. यात त्यांचा दोष नाही.

रोज सुई, रोज मोजमाप, लग्नात ताटावर सगळ्यांची नजर, याने माणूस शिणतो. त्याला डॉक्टरी भाषेत ‘डायबिटीस डिस्ट्रेस’ म्हणतात. ते नैराश्यापेक्षा वेगळं आहे, आणि ते चाळून बघायला 2 साधे प्रश्न पुरतात: डायबिटीसचं सगळं सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो का, आणि पथ्यपाणी, औषधं यात आपण सारखे कमी पडतोय असं वाटतं का. आजवर हे मी बोलण्याच्या ओघात विचारत आले. आता केसपेपरवर छापून घेऊ. शनिवारी दुपारी फक्त बोलण्यासाठी थोडा वेळ काढता येतो का, तेही बघतो आहोत. फीचं म्हणाल तर 700 रुपयांत आहारतज्ज्ञांचा सल्लाही येतो, काउंटरवर तसं लिहिलेलं आहे.

हे क्लिनिक कुठल्या मोठ्या हॉस्पिटलच्या जिवावर चालत नाही. लोक एकमेकांना सांगतात म्हणून चालतं. एक स्टार बघून एखादा घाबरलेला पेशंट आलाच नाही तर, याचाही आपण विचार करावा.

बाबांना पुन्हा घेऊन या. या भेटीची फी नको. जमलं तर पहिली 10 मिनिटं त्यांना एकट्यालाच आत बसू द्या. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज दोन्ही पिशवीत घालून आणा. बाटली 40 ची (म्हणजे दर मिलिलिटरला 40 युनिट) आणि सिरिंज 100 ची असं दुकानातून चुकून आलं असेल, तर डोस निम्म्याहूनही कमी जातो. ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.