पेडलचा दांडा, दहा दशलक्ष पौंड

दुसऱ्या महायुद्धाआधीची शर्यतीची गाडी घ्यायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. फ्लॅट, सोनं, शेअर काय, शेजाऱ्यांकडेही असतात. मात्र गाडी बघायला गेलात की गाडीकडे बघत बसू नका. आधी फाइल मागा, म्हणजे गाडीच्या इतिहासाची कागदपत्रं. फाइल उचलायला दोन माणसं लागली, तर बयाणा द्यायला हरकत नाही.

बेंटलीच्या 'ओल्ड नंबर वन' या शर्यतीच्या गाडीचंच घ्या ना. १९२९ आणि १९३०, लागोपाठ दोन वर्षं हिनं फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत मारली. दोन्ही वेळा चालवणाऱ्यांत बेंटली कंपनीचा अध्यक्ष वुल्फ बार्नाटो होता. तेव्हाच तिच्यावर चादर घालून ठेवायची, तर या मंडळींना साठ वर्षांनंतरच्या सौद्याची काडीची फिकीर नाही! पळवली, उघडली, पुन्हा बांधली, पुन्हा पळवली. चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, दुसरी आली, इंजिन आठ लिटरचं आलं. १९३२ साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या तिरप्या ट्रॅकवरून ती बाहेर उडाली आणि चालवणारा क्लाइव्ह डनफी त्यात गेला. उरलंसुरलं गोळा करून बार्नाटोनं त्यातून पुन्हा एक गाडी उभी केली.

१९९० मध्ये तिचा सौदा ठरला, दहा दशलक्ष पौंडांना. त्या वेळच्या भावानं तीस कोटी रुपयांच्या आसपास. मग घेणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. 'ही ती गाडीच नव्हे' म्हणून त्यानं हात वर केले आणि प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. तिथं एकेका भागाचा पंचनामा झाला. १९२९च्या गाडीतलं काय उरलंय? कुठल्या सालचं ते सांगता येणार नाही असं किरकोळ सामान, बाकी शून्य. १९३०च्या गाडीतलं? पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंग कॉलम. संपली यादी.

आणि निकाल? हीच ती 'ओल्ड नंबर वन'. कारण ती मध्ये कधी नाहीशी झाली नाही, तिच्या जागी दुसरी कुणी उभी राहिली नाही. बदलत बदलत का होईना, तीच चालत आली. विकणारा जिंकला.

आमच्याकडे वडिलांची स्कूटर आहे. इंजिन दोनदा उतरवलंय, पत्रा बदललाय, सीट तिसरी आहे. मागच्या दिवाळीत भंगारवाल्याला दाखवली, तर म्हणाला, "साहेब, यात ओरिजिनल राहिलंय काय?" आणि सांगितलेल्या भावातून पाचशे कापले. त्याला हा लंडनचा निकाल कुणी वाचून दाखवला नसणार.

भाग न् भाग मूळचाच हवा असा तुमचा हट्ट असेल, तर पाण्यात शोधा. स्वित्झर्लंडमध्ये अस्कोना गावापाशी १९२५ची एक बुगाटी ब्रेशिया माज्जोरे सरोवराच्या तळाशी पडून होती. सांगतात ते असं, की आयातीची जकात भरलेली नव्हती, म्हणून अधिकाऱ्यांनी तिला साखळी बांधून पाण्यात सोडली. पुढं साखळी गंजून तुटली आणि गाडी तळाला गेली. सत्तरेक वर्षांनी, २००९ मध्ये पाणबुड्यांनी वर काढली तेव्हा एक बाजू गाळात रुतल्यामुळं बरी होती, दुसरीची जाळी झालेली. २०१० साली पॅरिसच्या लिलावात ती २,६०,५०० युरोंना गेली. कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयानं घेतली आणि आहे तशी, गंजासकट मांडली. याला म्हणतात जाणकार! तेव्हा तुमच्या गाडीवरचा गंजही कुणाला पुसू देऊ नका. पुसला की भाव उतरला. झाडूपोछा करणाऱ्या मावशींना गॅरेजची किल्ली चुकूनही देऊ नका.

अर्जेंटिनातल्या पराना शहरातल्या कारखान्याकडे मात्र फिरकू नका. तिथं बुगाटीची १९२०च्या दशकातली शर्यतीची गाडी 'टाइप ३५' नव्यानं घडवतात, आठ पट्ट्यांच्या ॲल्युमिनियमच्या चाकांसकट. ही गाडी सुरू होते, वळते, थांबते, पावसात नेली तरी कुणी रडत नाही. असली गाडी घेऊन काय फक्त चालवायची?

चेसिस नंबरही तपासा. आपल्याकडे आरटीओसाठी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात, तेवढ्यानं भागणार नाही. या धंद्यात एकाच नंबरावर दोन गाड्या हक्क सांगतात, दोघींची चेसिस खरी आणि दोघींची फाइल जाड. सोपा उपाय, दोन्ही घ्या.

मीही आता स्कूटरची फाइल करायला घेतलीय. गॅरेजची बिलं, पंक्चरवाल्याच्या चिठ्ठ्या, वडिलांचा तिच्यावर बसलेला एक फोटो. डाव्या बाजूचा गंज राखून ठेवलाय. किकचा दांडा मूळचा आहे, यावर हवं तर कोर्टात जाऊ. कुणाला रस असेल तर कळवा. भंगारवाल्यांनी फोन करू नये.