कांगारूला सहा शिट्ट्या

ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरी भारतातून पाहुणे आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विषय निघतोच. "ते कांगारू मिळतं म्हणे इथे. कसं लागतं?" यावर 'चिकनसारखं' असं उत्तर देणाऱ्यानं ते खाल्लेलं नाही, हे खुशाल समजावं. जगातल्या यच्चयावत प्राण्यांची बोळवण आपण 'चिकनसारखं' म्हणून करतो. कांगारूचं मांस काळपट लाल असतं, पिकल्या जांभळाच्या जवळ जाणारं. लागतं ते कोवळ्या मटणाला लोखंडी कढईत रात्रभर ठेवल्यासारखं.

ते मिळवण्यात काहीच पराक्रम नाही. सुपरमार्केटच्या थंड कपाटात गाय-मेंढीच्या शेजारीच हवाबंद पाकिटं असतात. फिलेट, स्टेक, पट्ट्या, खिमा, शिवाय 'कांगा बँगा' नावाची सॉसेज. दक्षिण ऑस्ट्रेलियानं हे मांस माणसांना विकायला १९८० साली परवानगी दिली. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड आणि व्हिक्टोरियात मात्र १९९३ पर्यंत ते फक्त कुत्र्यामांजरांसाठी विकलं जायचं. ही माहिती पाहुण्यांना जेवण झाल्यावर द्यावी.

कांगारू कोणी पाळत नाही. कुंपणावरून उडी मारणाऱ्या प्राण्याचा गोठा कोण बांधणार? परवानाधारक शिकारी रात्री माळावर जाऊन, सरकारनं ठरवून दिलेल्या संख्येच्या आत, ते मारून आणतात. त्यामुळे 'गावरान' हा शब्द याला जितका शोभतो तितका गावातल्या कोंबडीलाही शोभत नाही. गिऱ्हाईक नावालाच बिचकतं म्हणून २००५ साली एका मासिकानं या मांसासाठी नवं नाव सुचवण्याची स्पर्धा घेतली. 'ऑस्ट्रेलस' हे नाव जिंकलं, आणि जिंकून तिथेच राहिलं. बोकडाचं 'मटण' करून मोकळे होणारे आपण. आपल्याला विचारलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात. मराठी हाताला मांस दिसलं की तो आधी कुकर शोधतो. बोकड असो, मेंढी असो, 'अजून दोन शिट्ट्या घे' हा आपला सार्वत्रिक उपाय. कांगारूच्या फिलेटला तो लावलात की जेवायला चामड्याचा पट्टा. कारण साधं आहे. या मांसात चरबी जेमतेम दोन टक्के, तीही नाही. मटण शिजताना चरबी वितळते, सांध्याजवळचे चिवट धागे विरघळून चिकट होतात, आणि आपल्या सगळ्या चुका त्यात झाकल्या जातात. फिलेटमध्ये झाकायला काहीच नाही. आतलं तापमान साठ-पासष्टच्या वर गेलं की तंतू आवळतात आणि पाणी बाहेर फेकतात, पिळलेल्या फडक्यासारखे. सहाव्या शिट्टीला रस्सा छान होतो. त्यातले तुकडे मात्र शेजारच्या कुत्र्यालाही दोन्ही पंजांत धरावे लागतात.

तेव्हा फिलेटची रीत अशी. पाकीट फोडल्यावर रक्ताचा, लोखंडाचा वास येतो. घाबरून लिंबू पिळू नका. मांस कागदानं कोरडं करा. ओलं मांस भाजत नाही, वाफतं. वरची चंदेरी पापडी सुरीनं सोलून काढा, नाहीतर ती आकसते आणि तुकडा होडीसारखा वाकतो. फ्रिजबाहेर वीस मिनिटं ठेवा. तेल तव्यात नको, मांसाला चोळा: पाव किलोला एक मोठा चमचा, त्यात लसूण, मिरपूड आणि हवा तर थोडा मालवणी मसाला. मीठ अगदी तव्यावर टाकताना. पपईचा कीस लावायचा मोह टाळा. वरचा थर लापशी होतो आणि आतला आपला हट्ट सोडत नाही. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा. अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला एका बाजूनं तीन मिनिटं, उलटून अडीच. मध्ये उचकटून बघू नका. थर्मामीटर असेल तर पंचावन्नला उतरवा आणि झाकून पाच मिनिटं ठेवा. मग तंतूंच्या आडवं, पातळ कापा.

आतून ते गुलाबी दिसेल, आणि इथेच घरात फूट पडते. 'कच्चं आहे' म्हणून कोणीतरी ताट परत पाठवतं. परत तव्यावर टाकू नका. तो तुकडा तुम्ही खा आणि त्यांना खिमा वाढा. एक गोष्ट मात्र गमतीची नाही. कांगारूत टॉक्सोप्लाझ्माचे जंतू असू शकतात. घरात गरोदर बाई असेल तर तिच्या पानात गुलाबी तुकडा जाता कामा नये.

खिमा जरा मवाळ. अर्धा किलोला तीन मोठे चमचे तेल घ्या, नाहीतर तो भुसभुशीत होऊन वाळूसारखा दाताखाली येतो. कांदा-टोमॅटो आधी पूर्ण परता, खिमा शेवटी घाला, मटार घालून बारा मिनिटांत उतरवा. कबाबच करायचे तर चरबीच्या जागी काहीतरी बांधणारं हवं: भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि एक अंडं. त्याशिवाय सळईला लावलेला कबाब निखाऱ्यात उडी घेतो. रक्तातच आहे त्याच्या.

पण माझं मत विचाराल तर कांगारूचा खरा माल शेपटीत. मध्य ऑस्ट्रेलियातले मूळनिवासी ती केसांसकट आगीवर धरतात, जळालेले केस खरवडतात आणि निखाऱ्यांत, गरम राखेत पुरून भाजतात. शेपूट म्हणजे त्या प्राण्याचा पाचवा पाय. सावकाश चरताना तो तिच्यावर भार टाकून चालतो. त्यामुळे ती चिवट, हाडाळ आणि डिंकानं भरलेली असते. म्हणजे आपले पायेच की! इथे शिट्ट्यांना पूर्ण मोकळीक. सोललेली, पेरापेरानं कापून घेतलेली एक किलो शेपूट उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून ते पाणी फेका. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं काळपट भाजून वाटण करा, तीन चमचे कांदा-लसूण मसाला घाला. पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर पन्नास मिनिटं. उघड्या पातेल्यात साडेतीन तास. मांस हाडावरून बोटानं सुटलं की झालं. तर्री मात्र येणार नाही. प्राण्यानंच तेल दिलेलं नाही तर ती येणार कुठून? चार चमचे तेलात मसाला फुलवून वरून ओता आणि गप्प बसा. कोल्हापूरचा पाहुणासुद्धा दुसरी वाटी मागेल, मग शेपटीबद्दल विचारेल.

बाकीची मंडळी थोडक्यात. मगरीचं शेपटीकडचं मांस पांढरं, कोंबडी आणि मासा यांच्या मधलं. आमसुलाचं आगळ लावून तळलं तर निभतं, सेकंदभर जास्त झालं की रबर. मगरी पाळतात त्या कातड्यासाठी, मांस हा वरचा हिशेब. इमू पक्षी असला तरी मांस लालभडक, चरबी नावाला, नियम सगळे कांगारूचेच. इमू म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांना अजून ठसका लागेल. इमूपालनाच्या लाटेत शेड बांधले गेले, तेलाचे आणि मांसाचे भाव ऐकवले गेले, आणि घ्यायला कोणी आलंच नाही.

उरलेल्या फिलेटचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही. काल तव्यावर सांभाळलेलं सगळं तिथे तीस सेकंदांत वाया जातं. फ्रिजमधून थंडच काढा, पातळ काप करा, पोळीवर हिरवी चटणी आणि उभा चिरलेला कांदा घालून गुंडाळा. कांगारू आणि इमू १९०८ पासून या देशाच्या राजचिन्हावर ढाल धरून उभे आहेत. दुपारी ऑफिसात कोणी विचारलंच की डब्यात काय आणलंय, तर सांगावं: डावीकडचा.