घरटी नाहीत म्हणून पक्षी उडवायचे का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. शरदात पक्ष्यांच्या जवळ जाऊन त्यांना उडवू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण लांबलं. तुम्ही लिहिलंत, "शरदात घरटी नसतात, पिल्लं नसतात, पक्षी उडाला तर दुसरीकडे बसेल. उगाच बाऊ करून नवशिक्यांना घाबरवू नका आणि स्वतःला पक्ष्यांचे पालक समजणं सोडा." शिवाय कॉल प्लेबॅकबद्दल (पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणं) आणि माझ्या फोटोंबद्दलही काहीतरी आहे, ते असो.

तर पालक. कुठे म्हणालो मी असं? बावीस वर्षं दुर्बीण गळ्यात आहे, थंडीत चिखलात बसून गुडघे गेलेत, आणि नाव न देता कुणीतरी येऊन मला 'पालक' म्हणणार! मतभेद असू द्यात हो, पण बोलायची काही रीत असते की नाही.

एक चूक कबूल. त्या लेखात ऑक्टोबरात बदकांना उडता येत नाही असं लिहिलं, ते चुकलं. पंखांची पिसं एकदम गळून बदकं तीन-चार आठवडे जमिनीवर अडकतात ती उन्हाळ्यात, शरदापर्यंत बहुतेकांची नवी पिसं आलेली असतात. झालं समाधान?

आता "दुसरीकडे बसेल". बसेल ना, पण खाणं थांबलं त्याचं काय? ऑक्टोबर 2022 मध्ये पट्टेरी शेपटीच्या गॉडविटचं (चिखलात चोच खुपसून खाणारा किनारी पक्षी) पाचेक महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला गेलं, 13,560 किलोमीटर, 11 दिवस, मध्ये कुठेही न उतरता. हे पक्षी निघतात तेव्हा वजनाचा साधारण अर्धा भाग चरबी असते आणि ती सगळी निघायच्या आधीच्या काही आठवड्यांत खाऊन साठवलेली. म्हणजे तुम्ही उडवलंत की खायचा वेळ गेला आणि वर उडण्यात चरबी जळली ती वेगळी. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका फोटोसाठी किनारी पक्ष्यांचा एकच थवा एका दुपारी तीनदा उडवलाय, तिसऱ्यांदा ते परत आलेच नाहीत आणि तोवर भरतीने चिखलही झाकून टाकला होता. म्हणून सांगतोय, पुस्तकात वाचून नाही.

आणि पक्षी उडायच्या कितीतरी आधी सांगतो की. चोच मारणं थांबतं, माना वर होतात, थवा तुमच्यापासून लांब सरकत चालायला लागतो. तेव्हा थांबा, जमलं तर दोन पावलं मागे या. त्याहून सोपं म्हणजे भरतीची वेळ बघून आधीच जाऊन गप बसा, पाणी चढलं की पक्षी आपणहून जवळ येतात. ह्यात नवशिक्याने घाबरण्यासारखं काय आहे ते मला खरंच कळलेलं नाही.

प्लेबॅकवर आधीच लिहिलंय, शोधा. फोटो किती फुटांवरून काढले हा प्रश्न लेन्स माहीत नसताना विचारण्यात अर्थ नाही, त्यामुळे तो विषय सोडतो. बदकांचं वाक्य आज रात्री दुरुस्त करेन. 'पालक' शब्दाचं काय करायचं ते तुम्ही बघा.