हरवला नाही, हिसकावला

आज सकाळी आमच्या पोळ्यांच्या मावशी रडतच आल्या. काल रात्री घोडबंदर रोडला स्टॉपवर उभ्या होत्या, बाईकवरून दोघं आले आणि हातातला मोबाईल हिसकावून पसार. १४ हजारांचा, ४ हप्ते अजून भरायचेत. पोलिसांकडे तक्रार द्यायला गेल्या तर आधी म्हणे "ही आमची हद्द नाही", आणि मग "गहाळ झाला असं लिहून द्या, सिमकार्ड मिळून जाईल". बिचारीने सही केली.

गहाळ!! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. २०१६ ला आईचं मंगळसूत्र आमच्या गेटसमोर खेचलं होतं, मानेला एवढा ओरखडा की आठवडाभर हळद लावत होतो, बाबा तीन तास बाकड्यावर बसले आणि हातात कागद काय पडला तर 'दागिना गहाळ'. मंगळसूत्र आपोआप गळलं आणि मान पण आपोआप सोलली का?

वस्तू हरवणं हा गुन्हाच नाही. गुन्हा नाही म्हणजे तपास नाही, आरोपी नाही, कोर्ट नाही, सगळं तिथेच संपलं. हिसकावणं हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून नोंदवून तपास करायचा असा, भारतीय न्याय संहितेत त्याला आता वेगळं कलम आहे, ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि हद्दीचं कारण तर चालतच नाही, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (पोलीस-कोर्टाच्या कामाची पद्धत सांगणारा कायदा) कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यायची, लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यायची. सुप्रीम कोर्टाने तर ललिता कुमारी केसमध्ये २०१३ लाच सांगितलंय की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो. काही प्रकरणांत आधी चौकशी करायची मुभा आहे, ठीक आहे. पण चौकशी करा ना, 'गहाळ' कशाला लिहून घेता?

फौजदारी केसवर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं असतं. म्हणजे आईची मान ओरबाडली तर ते भांडण एकट्या आईचं नाही, सरकारचं आहे, वकील पण सरकारच देणार. केवढा आधार आहे हा गरीब माणसाला! आणि पहिल्याच कागदावर सरकारचा माणूस लिहून घेतो की काही घडलंच नाही.

पोलिसांवर ताण आहे, बंदोबस्त, सण, मोर्चे, माणसं कमी, मान्य. एका हवालदार काकांनी आईला तेव्हा पाणी दिलं होतं, खुर्ची दिली होती, ते मी विसरलेले नाही. पण कागद तोच मिळाला ना. बाबांनी तो अजून फाईलमध्ये ठेवलाय, आई अजून रस्त्यावर गळ्यात काही घालत नाही.

उद्या १० वाजता मावशींबरोबर मी जातेय. एफआयआर घेतला नाही तर पोलीस उपायुक्तांना लेखी पाठवणार, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, कायद्यात दोन्ही आहे. मावशी म्हणतात, "ताई, राहू द्या, खाडा होईल". कामाचा खाडा मी बघून घेईन.

ठाण्यातलं कोणी सोबत येणार असेल तर रात्रीच मेसेज करा.