फाइनमन यांनी ‘एकट्याने’ शोधलं नाही

जानेवारी १९८६ मध्ये उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झालेल्या चॅलेंजर या अमेरिकन अंतराळयानाच्या दुर्घटनेचं कारण भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ‘एकट्याने’ शोधून काढलं, हे तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. चौकशी आयोगाच्या ११ फेब्रुवारी १९८६ च्या सुनावणीत त्यांनी रबरी ओ-रिंगचा (रॉकेटचे सांधे घट्ट बंद ठेवणाऱ्या कड्याचा) तुकडा क्लॅम्पमध्ये आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि थंडीत रबर लगेच पूर्ववत होत नाही, म्हणजे सांधा नीट बंद राहत नाही, हे सगळ्यांना दाखवलं. प्रात्यक्षिक अप्रतिमच. पण थंडीचा धागा त्यांना आयोगातले जनरल कुटिना यांच्याकडून मिळाला होता, हे खुद्द फाइनमन यांनीच लिहून ठेवलंय. आणि कुटिनांना तापमान व रबराचा लवचिकपणा यांच्या आकड्यांचा कागद दिला होता सॅली राइड यांनी. त्याही भौतिकशास्त्रज्ञ, अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकन महिला आणि त्याच आयोगाच्या सदस्य! त्यांचं नाव कुटिनांनी उघड केलं ते २०१२ मध्ये त्या गेल्यानंतर. उड्डाणाच्या आदल्या रात्री थंडीमुळे उड्डाण पुढे ढकला म्हणून जीव तोडून सांगणारे अभियंता रॉजर बॉइजोली यांचाही लेखात उल्लेख नाही.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी हाच प्रयोग वर्गात करते, पाण्याच्या ग्लासात बर्फ आणि पाइपची रबरी रिंग घेऊन. पूर्वी मीही फक्त फाइनमन यांचंच नाव सांगायची. आता राइड आणि बॉइजोली यांचं सांगते, तेव्हा मुली हमखास विचारतात, “मॅडम, मग त्यांचं नाव पुस्तकात का नाही?” लेखात किमान एक ओळ तरी या दोघांसाठी घाला, ही कळकळीची विनंती.